चाळीस लिटरची सॅक

पिशवीचं माप लिटरमध्ये असतं हे मनोहर चौबळांना साठाव्या वर्षी कळलं, आणि ते त्यांना फारसं पटलं नाही. दूध लिटरमध्ये मोजावं, तेल मोजावं. पिशवीचं काय, ती भरली की भरली. वर बसून चेन लागली तर अजून जागा आहे, आणि चेन तुटली तर दोरी आणावी, हा त्यांचा आजवरचा हिशेब. पण लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, चाळीस लिटर. नॉट वन मोअर." आणि या खेपेला लेकीचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती.

कारण असं, की रुहीने त्यांना आपण होऊन विचारलं होतं.

रुही त्यांची एकुलती एक. जन्म फीनिक्सचा, शाळा इथे ॲरिझोनातच, चँडलरला, आता नोकरीसाठी फ्रीमाँटला. दर रविवारी तिचा फोन येई. आईशी पोटभर बोलणं होई, आणि शेवटी फोन बाबांकडे सरके. बाबा विचारत, "तिकडे थंडी आहे का?" ती म्हणे, "नॉट रिअली." मग ती विचारी, "तिकडे गरम आहे?" ते म्हणत, "आहे." चँडलरमध्ये या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. मग दोघं दोन टोकांना थोडा वेळ नुसता श्वास घेत, आणि "ओके देन" होऊन फोन बंद. भांडण म्हणाल तर नव्हतं. आटलेल्या ओढ्याचं कुणाशी भांडण थोडंच असतं? तो आपला वरच्या पावसाची वाट बघत गोटे उघडे टाकून पडलेला असतो.

आणि अशा एका रविवारी, थंडी-उन्हाचं बोलून झाल्यावर, ती म्हणाली, "मी मार्चमध्ये साउथ अमेरिकेला चाललेय. बॅकपॅकिंग. आधी सँटियागो, मग बसने अँडीज क्रॉस करून मेंडोझा, तिथे सगळे वाइनवाल्यांचे द्राक्षमळे आहेत, आणि मग अटाकामाचं डेझर्ट. यू वाँट टू कम?"

तिचं वाक्य संपायच्या आत चौबळ "हो" म्हणून बसले. वाळवंटात राहणाऱ्या माणसाने वाळवंट बघायला इतक्या दूर का जावं, ही शंका त्यांना नंतर आली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

"पण रूल्स आहेत," रुही म्हणाली. "एक बॅग. तुझी तू उचलायची. कुणाचं पार्सल नाही. कुणाच्या घरी जाणं नाही. मला एक जरी डबा दिसला ना, तर मी एकटी पुढे जाणार आणि तू आईकडे परत. आय मीन इट, बाबा."

या कडकपणाला इतिहास होता. रुही शाळेत असताना चौबळ कुटुंब वॉशिंग्टन बघायला गेलं होतं. तिथे त्यांनी चार मराठी घरं पाहिली. चारही ठिकाणी पोहे झाले, कुणाच्या मेव्हण्याचं औषध पोचवून झालं, कुणाच्या सुनेची साडी देऊन झाली; आणि व्हाइट हाउस मात्र सिग्नलला गाडी थांबली तेवढ्यात उरकलं. रुहीने त्यावर शाळेत निबंध लिहिला. त्यात राजधानीपेक्षा पोह्यांचं वर्णन जास्त होतं. निबंधाला मार्क चांगले पडले, पण जखम भरली नाही.

सॅक घ्यायला चौबळ एकटेच गेले. दुकानातल्या मुलीने आधी टेपने त्यांची पाठ मोजली. पाठीचं माप घेऊन पिशवी विकतात हे बघून त्यांना उगाचच कौतुक झाल्यासारखं वाटलं. त्या भरात त्यांनी रंगाकडे नीट पाहिलं नाही, आणि सॅक भडक नारिंगी निघाली. घरी येऊन ती अंगावर चढवली. छातीवर एक पट्टा, कमरेला एक, खांद्यांवर दोन, आणि कशाचे ते माहीत नसलेले आणखी काही. सगळे खटाखट लागले. सुटेना मात्र एकही. शेवटी रत्नाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या.

या रत्नाबाई मूळच्या कोरेगावकडच्या. येता-जाता ओवी जुळवायची त्यांना खोड. नवऱ्याला टोमणा साधा मारला तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. पट्टे सोडवता सोडवता त्या गुणगुणल्या,

"लेकीच्या गं संगं, बाप निघाला फिराया
पाठीवरला पट्टा, बाई लागते सोडाया."

"तू पण चल ना मग," चौबळ ओशाळून म्हणाले.

"मला नको. मला माझ्या पलंगाशिवाय झोप येत नाही. आणि तिने तुम्हाला विचारलंय," रत्नाबाई म्हणाल्या. शेवटचं वाक्य त्यांनी ओवीत घातलं नाही, त्या अर्थी ते महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. सॅकमध्ये बासमतीची पिशवी, तूरडाळीची पिशवी आणि वर उशी भरून चौबळ पहाटे कालव्याकाठच्या वाटेने निघत. फेब्रुवारी सरत आला होता. चँडलरमध्ये त्या दिवसांत संत्र्यांची झाडं फुलतात आणि सारी वस्ती लग्नघरासारखी घमघमते. कालव्यात बदकं पोहत असत. सगळं फार सुंदर होतं, फक्त चौबळांना ते दिसत नव्हतं, कारण तांदूळ डाव्या बाजूला सरके आणि ते हळूहळू उजवीकडे कलत जात.

असे कलत कलत ते एके दिवशी बाळराव टिपणिसांच्या दारापर्यंत गेले आणि दम खायला पायरीवर टेकले. बाळराव म्हणजे चँडलरच्या मराठी मंडळींतले सर्वांत ज्येष्ठ. पेपर उचलायला बाहेर आले, तर दारात मनोहर चौबळ. वेळ पहाटेची, पाठीवर बिऱ्हाड, सॅकमधून उशी डोकावतेय, चेहरा रडवेला. बाळरावांनी क्षणात ताडलं.

"काही बोलू नका, मनोहर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "होतं असं या वयात. आत या. सोफा उघडतो."

चौबळांना नाही म्हणायचं होतं, पण छाती भात्यासारखी चाललेली. त्यांनी नुसती मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलली यावर पुढे वाद झाला.

दुपारपर्यंत रत्नाबाईंना चार फोन आले. दोघींनी "तू खंबीर राहा" म्हटलं, एकीने "घे गं परत, उन्हाळा येतोय" म्हटलं, आणि एकीने वकिलाचा नंबर दिला. त्यातच वस्तीच्या असोसिएशनचं पत्र आलं. नारिंगी बोचकं घेतलेला एक इसम रोज पहाटे टपालपेट्यांपाशी बसलेला आढळतो, तरी सार्वजनिक वाटेवर मुक्काम करू नये, अशी सर्व रहिवाशांना सूचना. चौबळांनी ते पत्र दोनदा वाचलं. याच असोसिएशनच्या खडी समितीवर त्यांनी सात वर्षं काढली होती! कुणाच्या अंगणात कोणत्या रंगाची खडी असावी यावर त्यांचा शब्द शेवटचा असे. आणि आता ते स्वतःच 'एक इसम' झाले होते.

पासपोर्टच्या फोटोनेही असाच घोळ घातला. जुना पासपोर्ट संपत आलेला. पहिला फोटो चष्म्यापायी परत आला. दुसऱ्याला चष्मा काढला, पण समारंभ समजून पांढराशुभ्र शर्ट घातला. मागे पडदा पांढरा. शर्ट पडद्यात विरघळून गेला आणि चौबळांचं नुसतं मुंडकं हवेत तरंगताना आलं. तोही परत. तिसऱ्या वेळी त्यांनी चिडून रत्नाबाईंनी दिलेला जांभळा झब्बा घातला, आणि तो मात्र पहिल्या झटक्यात मंजूर झाला. आता पुढची दहा वर्षं जगातल्या प्रत्येक सीमेवर ते एखाद्या मुंजीतून उठून आल्यासारखे दिसणार होते.

पण खरा अनर्थ झाला तो मराठी मंडळींच्या शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. घर सोडून गेलेल्या नवऱ्याविषयी बायका पुन्हा कुजबुजायला लागल्या, तशा रत्नाबाई खीर वाढता वाढता थांबल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं, कुठे जाणार ते? रुहीबरोबर साउथ अमेरिकेला चाललेत. त्याची प्रॅक्टिस आहे ती."

नवऱ्याची अब्रू परत मिळाली, पण त्या बदल्यात काय गेलं हे रत्नाबाईंच्या पुढच्या क्षणी ध्यानात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

"साउथ अमेरिकेत कुठे?" बाळरावांनी विचारलं.

"सँटियागो," चौबळ पुटपुटले.

"अहो, आमचा कुश तिथेच असतो की! माझा पुतण्या!"

मराठी माणूस जगाच्या कुठल्या कोपऱ्यात पोचला नाही हे शोधायचं असेल, तर नकाशे बघत बसू नये. आपण तिकडे चाललो आहोत एवढं चारचौघांत बोलावं. आसावरी नावाची नागपूरची मुलगी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत होती. तिचा भाऊ ओजस, तो अटाकामातल्या एका वेधशाळेत तारे मोजत होता. "काका, एक छोटीशी बरणी फक्त! लोणचं आहे आईच्या हातचं. चार वर्षं झाली, यार, त्याने घरचं लोणचं नाही खाल्लं." आणि कोपऱ्यातून सुलभाताई उठल्या. सत्तरी उलटलेल्या, बोलायला मऊ. त्यांची भाची निधी मेंडोझाला दिलेली. म्हणजे तिनेच स्वतःला दिलेली, एका द्राक्षमळेवाल्याला. ती आता आजउद्यावर आली होती.

"डिंकाचे लाडू आहेत, मनोहर," सुलभाताई म्हणाल्या. "बाळंतिणीचे. तिला तिथे कोण करून घालणार?"

चौबळांनी आरशासमोर उभं राहून "नाही जमणार" हे दोन शब्द आठवडाभर घोटले होते. शब्द पाठ होते, आवाजाची पट्टी ठरली होती, चेहऱ्यावर किती खेद दाखवायचा तेही ठरलं होतं. तोंडातून बाहेर पडलं ते असं, "द्या की. त्यात काय."

घरी जाताना गाडीत रत्नाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

"दूरदेशी जाणाऱ्याच्या, हाती देती गं चिवडा
भाचा माझा तिथं राहे, नेशील का हा एवढा?"

"चिवडा कुणी नाही दिला," चौबळ म्हणाले.

"अजून," रत्नाबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत सगळं घरपोच झालं: बाळरावांच्या कुशसाठी चकल्या, ओजसची बरणी, निधीचे लाडू. त्या रात्रभर रुहीचा आवाज चौबळांच्या कानात होता. सकाळी त्यांनी निर्धार केला. सगळं परत करायचं. आधी बाळरावांकडे गेले, चकल्यांचा डबा हातात घेऊन. "बाळराव, मी म्हणत होतो..." "बरं झालं आलात!" बाळराव म्हणाले. "हिने अनारसेही तळलेत. मी म्हणत होतो, पोचवू कसे." चौबळ दोन डबे घेऊन परतले. आसावरीकडे बरणी घेऊन गेले, तर तिने व्हिडिओ कॉलवर नागपूरची आईच दाखवली. माउली पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, तुमच्या रूपाने देवच धावला." आता देवाने बरणी परत कशी करावी? चौबळांनी उलट ती गळू नये म्हणून बांधायची कशी, याचा सल्ला विचारला आणि निघाले. सुलभाताईंकडे मात्र ते गेलेच नाहीत. बाळंतिणीचा डबा परत करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि तो चौबळांच्या कुळात जन्मणार नाही.

मग सॅक भरायला घेतली. लाडवांचा डबा तळाशी, बरणी मधोमध, चकल्या-अनारसे वर. चाळीस लिटर म्हणजे किती कमी असतात हे त्यांना तेव्हा कळलं. आधी स्वेटर बाहेर निघाला. वाळवंटात स्वेटर कशाला? रात्री वाळवंट गारठतं हे ॲरिझोनात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, पण त्या घटकेला ते त्यांनी स्वतःला आठवू दिलं नाही. मग दुसरी पँट निघाली. मग टॉवेल. कुठेशी त्यांनी वाचलं होतं की खरे बॅकपॅकर वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा कापतात. त्यांनी कापला. मनात म्हणाले, दिसत तर काहीच नाही. वरून नारिंगी, छान गुबगुबीत. चेन लावली. ती वर न बसता लागली, याचा त्यांना अभिमानही वाटला.

निघायच्या आदल्या दिवशी रुही चँडलरला आली. जेवण झाल्यावर तिने गालिच्यावर नकाशा पसरला आणि बाबांना शेजारी बसवलं. ही बस इथून निघते, बाबा, आणि बर्फाच्या डोंगरांमधून जाते, अशी वळणं वळणं घेत. मेंडोझाला आपण सायकली घेऊ, एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात. आणि हे पार्क बघ, इथे जमीन सगळी मिठाची आहे, पांढरी, आणि त्यात गुलाबी पक्षी उभे असतात. हॉस्टेलला बंक बेड आहेत. मी वर, तू खाली. बोलता बोलता ती मराठीतच बोलत राहिली, हे तिच्या ध्यानात आलं नाही. चौबळांच्या आलं. ते नकाशावरच्या बोटाकडे बघत होते, आणि उरात काहीतरी वाहायला लागल्यासारखं त्यांना वाटत होतं.

"चल, बॅग दाखव," ती म्हणाली.

इस्त्री करत असलेल्या रत्नाबाईंचा हात थांबला.

रुहीने चेन उघडली. आधी तळणीचा वास आला, मग मेथी-मोहरीचा. तिने एकेक वस्तू काढून नकाशावर ठेवली. चकल्या पॅसिफिक महासागरात बसल्या. अनारसे अँडीजवर. बरणी अटाकामावर, म्हणजे तिच्या मुक्कामीच. लाडवांचा डबा ठेवायला नकाशा उरला नाही.

"बाबा. यू प्रॉमिस्ड."

चौबळांनी सबबी शोधल्या नाहीत. म्हणाले, "तुझं बरोबर आहे. शब्द दिला होता मी. तू जा, रुही. मला आता हे परत करणंही जमत नाही, आणि टाकवतही नाही. मी नाही येत."

असं बोलून त्यांनी बरणी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. कुठे न्यायची ते सुचेना. रुही उठली नाही. तिने सॅकमध्ये खोल हात घातला. एक शर्ट निघाला. मग अर्ध्या दांड्याचा टूथब्रश. आणखी काही निघेना, तशी तिने सॅक उलटी करून झटकली.

"तुझे कपडे कुठेत?"

"अंगावर आहेत की."

"थ्री वीक्स?"

"धुऊन घातले असते."

ती हसणार असं वाटलं, पण हसली नाही. "व्हाय? तुला नाही म्हणता का येत नाही कुणाला?"

चौबळ बायकोकडे बघायला लागले. रत्नाबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"तू झालीस ना, तेव्हा आम्हाला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "जुलै महिना. दार उघडलं तर तोंड भाजायचं. मी तुला घेऊन बसलेली, आई तिकडे, सासूबाई तिकडे. ओळखीचं माणूस नाही. एका दुपारी बेल वाजली. दारात एक गृहस्थ, घामाने निथळलेले, हातात डबा. कसल्या परिषदेला फीनिक्सला आले होते. माझ्या आईने लाडू केले आणि कुणाच्या कुणाकडून त्यांच्यापर्यंत पोचवले. ते बिचारे बस बदलत बदलत आले, पाणी प्यायले, तुझ्या मुठीला बोट लावलं आणि गेले."

"कोण होते?"

"नाव विचारायचं राहून गेलं गं. मी डबा उघडून रडत होते, आणि तुझे बाबा तुला घेऊन उभे होते. कुणाला सुचणार?"

रुहीने लाडवांच्या डब्याकडे पाहिलं. "हे कुणाचंय?"

"निधी म्हणून आहे," चौबळ म्हणाले. "मेंडोझाला. तिला बाळ होणार आहे याच महिन्यात."

रुही उठली. दाराशी ठेवलेली स्वतःची सॅक घेऊन आली आणि तिच्यातून एक जाडजूड पुस्तक आणि दुसरे बूट बाहेर काढले. तिथे डबा बसला. "हे मी घेते. लोणचं तू घे. आणि स्वेटर आण आधी, प्लीज. चकल्या आणि ते दुसरं काय ते, इथेच खाऊ. कुशला सांगू, छान झाल्या होत्या."

"आणि तिकडच्या लोकांनी विमानतळावर लाडू काढून घेतले तर?" चौबळांनी विचारलं. "फार कडक आहेत म्हणे, खाण्याच्या बाबतीत."

"आपण सगळं डिक्लेअर करायचं. घेतले तर घेतले. मग रिकाम्या हाताने जाऊ." तिने चकलीचा तुकडा मोडला. "पण जाऊ."

चौबळ स्वेटर आणायला वळले, तसं तिने त्यांना थांबवलं. "पण राहायचं नाही हां, बाबा. चहा. फक्त चहा."

"फक्त चहा," चौबळांनी शपथेवर सांगितलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेंडोझाहून निधीचा निरोप होता, नंबर अर्थातच सुलभाताईंनी दिलेला: काका, तुम्हा दोघांसाठी मळ्यातली वरची खोली झाडून ठेवली आहे. सासूबाई तुमच्यासाठी मसालेभात शिकताहेत. रुहीला तिखट चालतं का?

चौबळांनी घाईघाईने फोन पाठीमागे लपवला. रुहीने हात पुढे केला. त्यांनी निमूट फोन दिला. तिने निरोप वाचला, पुन्हा एकदा वाचला, चकलीचा चुरा लागलेली बोटं जीन्सला पुसली, आणि इंग्रजी अक्षरांत, अडखळत, स्वतःच उत्तर लिहिलं:

"चालतं. भरपूर."